फ्रान्सच्या विद्यापीठात जाण्याआधी कोकणातच उरकायची कामं

फ्रान्समध्ये शिकायला जाणाऱ्या कोकणातल्या मुलामुलींची सर्वांत जास्त धावपळ होते ती जन्मदाखल्यावरून. भाषा, परीक्षा, थंडी यांची धास्ती आधीपासून असते, त्यामुळे त्यांची तयारीही होते. दाखला मात्र ‘आहे कपाटात’ म्हणून कोणी उघडूनही बघत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड भागातून तिथल्या सरकारी विद्यापीठांत जाणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिलं आहे. सांगायचं आहे ते एवढंच: तिकडे गेल्यावर महिनोन्महिने अडून राहणारी बरीचशी कामं इथे घरच्या तालुक्यात सुटतात, फक्त ती आदल्या वर्षीच हातात घ्यायला हवीत.

जन्माची नोंद गावात असेल तर ग्रामपंचायतीत, शहरातल्या दवाखान्यातली असेल तर नगरपरिषदेत. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, म्हणजे नोंद आजोळच्या गावात असते. हे लक्षात न घेता लोक आपल्याच ग्रामपंचायतीत खेपा घालतात. दाखला हातात आला की तीन गोष्टी तपासा. बाळाच्या नावाचा रकाना भरलेला आहे का? नोंद बारशाआधी होते, त्यामुळे तो कोरा राहिलेले दाखले गावोगाव आहेत. आईचं नाव पासपोर्टवर आहे तेच आहे का, की माहेरचं लागलंय? आणि मजकूर मराठी-इंग्रजी दोन्हींत छापलेला आहे का, की हाताने फक्त मराठीत लिहिलेला? यातलं एक जरी खटकलं तरी ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) भेटून शाळा सोडल्याच्या दाखल्यासह अर्ज द्या आणि दुरुस्त झालेल्या दाखल्याच्या दोन-तीन मूळ प्रती घ्या.

एवढा आग्रह का, तर फ्रान्समधल्या सरकारी आरोग्य विम्याची नोंदणी या कागदावर चालते. परदेशी विद्यार्थ्यांना ही नोंदणी फुकट आहे, ॲमेली या विम्याच्याच सरकारी वेबसाइटवर घरबसल्या होते. पण आईवडिलांची नावं असलेला पूर्ण जन्मदाखला लागतो. तोवर मिळतो तो तात्पुरता क्रमांक, ७ किंवा ८ ने सुरू होणारा. कायमचा क्रमांक पुरुषांचा १ ने आणि स्त्रियांचा २ ने सुरू होतो, आणि तो आल्याशिवाय हिरवं कार्त व्हिताल, म्हणजे विम्याचं कार्ड, मिळत नाही. ते नसेल तर डॉक्टरकडे खिशातून पैसे भरायचे, कागदी फॉर्म टपालाने पाठवायचा आणि परताव्याची वाट बघत बसायचं. कोऱ्या नावाचा दाखला तिथे परत येतो, आणि मग व्हॉट्सॲपवरून बाबांना आजोळी पाठवणं सुरू होतं, तेही ऐन पावसात.

दाखल्यावर ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा शिक्का, करून घ्यावा. आधी राज्य सरकारच्या पातळीवर तो प्रमाणित होतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. भारत २००५ पासून ॲपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे हा एक शिक्का फ्रान्सला पुरतो. काही कचेऱ्या तो मागतात, काही मागत नाहीत. मागितला आणि नसला तर तिथून करून घेणं फार कठीण. क्रमही महत्त्वाचा आहे: ॲपोस्टिल आधी, फ्रेंच भाषांतर नंतर, कारण शिक्क्यावरच्या मजकुराचंही भाषांतर व्हावं लागतं. फ्रान्समध्ये न्यायालयाच्या यादीतले शपथबद्ध अनुवादक असतात. इंग्रजीवरून करणारे भरपूर मिळतात, मराठीवरून करणारे शोधावे लागतात. द्विभाषिक दाखला हवा तो यासाठीच.

नावाचं दुसरं दुखणं गुणपत्रिकेत आहे. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आईचं. पासपोर्टवर मात्र आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि पहिल्या नावाच्या रकान्यात कधी वडिलांचं नाव जोडलेलं, कधी नाही. फ्रेंच कारकुनाला दोनच गोष्टी कळतात, आडनाव आणि नावं. तो गुणपत्रिकेतलं शेवटचं नाव आडनाव समजून मोकळा होतो, आणि मुलगा आईच्या नावाने विद्यापीठात नोंदला जातो. म्हणून प्रवेशअर्ज, बँक, विमा, घराचा करार, सगळीकडे पासपोर्टवर आहे अगदी तसंच नाव लिहायचं. गुणपत्रिकेसोबत ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र जोडायचं. ते तहसील कचेरीबाहेर तासाभरात होतं.

वेळापत्रक आणि पैसे

भारतातून जाणाऱ्यांना कॅम्पस फ्रान्स या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फ्रेंच सरकारी संस्थेच्या ‘एत्यूद आँ फ्रान्स’ या पोर्टलवरून जावं लागतं. पुढच्या सप्टेंबरसाठीचे विद्यापीठांचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरले जातात. बारावीनंतर थेट पदवीच्या पहिल्या वर्षाला जायचं असेल तर पूर्वप्रवेशाच्या अर्जाची मुदत साधारण डिसेंबरच्या मध्याला संपते. म्हणजे बारावीच्या परीक्षेच्याही आधी. ‘निकाल लागला की बघू’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे पूर्ण वर्ष घालवतो.

प्रवेश मिळाला की कॅम्पस फ्रान्सची शैक्षणिक मुलाखत, तिथून ना-हरकत, मग व्हिसा. मुलाखतीत विचारतात ते साधंच: हाच अभ्यासक्रम का, आधीच्या शिक्षणाशी त्याचा संबंध काय, पुढे काय करणार. कृषी पदवीधराने अचानक मार्केटिंग निवडलं असेल तर संबंध नीट सांगता आला पाहिजे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंतच देता येतो, त्यामुळे सप्टेंबरला जाणाऱ्यांची भेटीची तारीख जून-जुलैत पडते, मुंबईला किंवा पुण्याला. हे कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकाचे दिवस. गाड्या हळू धावतात, कुठे दरड आली तर थांबतात, घाटरस्त्यांचाही भरवसा नसतो. सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्रीची गाडी पकडू नका, पूर्ण एक दिवस हाताशी ठेवून पोचा.

पैशांचा पुरावा म्हणून महिन्याला किमान ६१५ युरो, म्हणजे वर्षाचे ७,३८० युरो दाखवावे लागतात. फी वेगळी. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी विद्यापीठांची २०२५-२६ ची वार्षिक फी पदवीला २,८९५ आणि मास्टरला ३,९४१ युरो आहे. काही विद्यापीठं यात सूट देऊन स्थानिक मुलांइतकीच, म्हणजे काहीशे युरो फी घेतात. ही सूट कोण देतं हे विद्यापीठ निवडतानाच बघायला हवं. तिने अख्ख्या कर्जाचा आकडा बदलतो. शिवाय नोंदणीआधी विद्यार्थीजीवन शुल्क भरावं लागतं, त्याला सगळे सेव्हेक म्हणतात. २०२५-२६ ला ते १०५ युरो होतं. त्याची पावती नसेल तर नोंदणीच्या खिडकीवरून परत पाठवतात.

आपल्याकडच्या घरांची अडचण रकमेइतकीच तिच्या वेळेचीही असते. आंबा बागायतदाराच्या खात्यात पैसा येतो एप्रिल ते जून, मग वर्षभर तो उतरत जातो. मासेमारी करणाऱ्या घरात १ जून ते ३१ जुलै बंदी, म्हणजे व्हिसाच्या नेमक्या दिवसांत खातं गप्प. व्हिसाच्या अधिकाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. त्याला दिसतं ते एवढंच, की आठ महिने थोडे पैसे होते आणि अर्जाआधी एकदम मोठी रक्कम आली. अशी रक्कम उसनी आणलेली वाटते. उपाय साधा आहे: मागच्या दोन हंगामांचं बँक स्टेटमेंट, वाशी मार्केटच्या आडत्याच्या पट्ट्या किंवा मासळीविक्रीच्या पावत्या, आणि आमचं उत्पन्न हंगामी आहे हे समजावणारं एक पानी इंग्रजी पत्र. नुसता सातबारा जोडून उपयोग नाही, तो तिथे कोणाला वाचता येत नाही. शैक्षणिक कर्ज मंजूर झालं असेल तर बँकेचं मंजुरीपत्र सर्वांत वर ठेवा.

फ्रान्समध्ये घरभाड्याला सरकारी मदत मिळते असं जुने विद्यार्थी सांगतील. तिचे नियम बदलत आले आहेत, म्हणून ती मिळाली तर मिळाली. खर्चाच्या हिशेबात धरू नका. विद्यार्थी-व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं. पण पहिल्या सहामाहीत त्या कमाईवर विसंबून जाणाऱ्यांचे गुण घसरतात. का, ते खाली येईलच.

भाषा: प्रमाणपत्र वेगळं, कान वेगळा

फ्रेंचमधून शिकायचं असेल तर बहुतेक ठिकाणी बी-२ पातळी मागतात (भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा, त्यातली ही चौथी). डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या बी-२ मध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण असतात. पास व्हायला १०० पैकी ५० लागतात, आणि कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत. डेल्फचं प्रमाणपत्र कायमचं असतं, टीसीएफ या दुसऱ्या परीक्षेचं दोन वर्षांचं. शून्यातून बी-२ पर्यंत पोचायला साधारण सहाशे तासांचं शिक्षण धरतात. रोज दोन तास नेमाने केले तरी दहा महिने. कोकणात राहून हे ऑनलाइन वर्गांतून जमतं. परीक्षेला मात्र मुंबई किंवा पुण्याच्या अलियाँस फ्राँसेज या फ्रेंच भाषासंस्थेत जावं लागतं.

बी-२ पास झालेल्यांनाही पहिल्या महिन्यात वर्गातलं निम्मं कळत नाही, आणि त्याचं कारण शब्दसंग्रह नसतो. पुस्तकातलं नकारार्थी ‘न’ बोलताना गळून जातं, तीन शब्दांचा एक होतो, आणि प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलतात. आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र रोज असतं, त्याचा लेखी मजकूरही मिळतो. आधी न वाचता ऐकायचं, मग लिहून काढायचं, मग ताडून बघायचं. सहा महिने हे केलं तर कान तयार होतो. आकड्यांचा सराव निराळा करा, कारण फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत सांगतात आणि सत्तर ते नव्याण्णव या आकड्यांत नवखा हमखास चुकतो. डॉक्टरची वेळ, बसचा नंबर, बँकेचा फोन सगळं त्यावर असतं. इंग्रजी माध्यमाच्या मास्टरला जाणाऱ्यांनीही ए-२ तरी करूनच निघावं. वर्ग इंग्रजीत असला तरी घरमालक, विमा कचेरी आणि औषधाचं दुकान फ्रेंचच असतं.

गणपती आणि पहिला आठवडा

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा तिथे वर्ष सुरू होण्याचा. आपल्याकडे त्याच सुमारास गणपती. २०२६ ला चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. ‘गणपती करून निघतो’ असं कोकणातल्या घरात कोणीही म्हणणार, आणि मन मोडणं अवघड जातं. तरी निघायला हवं. पहिल्याच आठवड्यात तेदेचे, म्हणजे लहान वर्गांचे, गट ठरतात, पर्यायी विषयांच्या जागा भरतात, विद्यापीठाचा ईमेल आणि ओळखपत्र मिळतं. उशिरा पोचलेल्याला उरलेला गट मिळतो, आणि त्याच्या दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर आल्या तर वर्षभर निस्तरत बसावं लागतं.

पोचल्यावरची कामं साखळीसारखी आहेत. राहण्याचा पत्ता असल्याशिवाय बँक खातं उघडत नाही, खातं नसेल तर विम्याचा परतावा येत नाही. म्हणून पत्त्याचा लेखी पुरावा सर्वांत आधी. क्रूस या विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम. खासगी घराला फ्रान्समध्ये राहणारा जामीनदार मागतात. तो आपल्याकडे नसतो, म्हणून व्हिसाल ही फुकट सरकारमान्य हमी व्हिसा मिळताच काढून ठेवा. घर न बघता, करार हातात न येता पैसे पाठवायला सांगणारी जाहिरात फसवी समजा, भाडं कितीही कमी असलं तरी. सामानासह भाड्याने दिलेल्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत घेऊ शकतात. आत शिरताना घराच्या स्थितीचा कागद दोघांच्या सहीने होतो. त्यात भिंतीवरचा डागही लिहून घ्या, फोटो काढा. नंतर काही आढळलं तर दहा दिवसांत कळवून दुरुस्ती मागता येते. घराचा विमाही भाडेकरूलाच काढावा लागतो.

व्हिसाची ऑनलाइन नोंदणी पोचल्यापासून तीन महिन्यांत करायची असते, शुल्क कार्डाने भरून. ती राहिली तर व्हिसा असूनही वास्तव्य बेकायदा ठरतं. पहिल्याच आठवड्यात करून टाका आणि पावतीची प्रत घरी पाठवून ठेवा.

वर्गात काय होतं

शिकवण्याचे दोन मुख्य प्रकार. सेएम म्हणजे मोठ्या सभागृहातलं व्याख्यान. तिथे बहुधा हजेरी नसते. तेदे म्हणजे तीस-चाळीस जणांचा गट, उदाहरणं आणि चर्चा. तिथे हजेरी घेतात. कारण न देता ठरावीक वेळा गैरहजर राहिलं तर विषयात ‘अपूर्ण’ असा शेरा येतो, आणि तो आला की त्या सहामाहीची सरासरीच काढत नाहीत. आजारी पडल्यास डॉक्टरचं प्रमाणपत्र थोड्या दिवसांतच कचेरीत द्यावं लागतं. कामाच्या तासांमुळे गुण घसरतात ते इथे: संध्याकाळची पाळी आणि तेदे एकाच वेळी येतात, आणि मुलं तेदे सोडतात.

गुण २० पैकी असतात. १० ला पास, १२ ला ‘बरं’, १४ ला ‘चांगलं’, १६ ला ‘उत्तम’ असा शेरा. १३ मिळालेला आपला विद्यार्थी ६५ टक्के म्हणून खचतो, पण तिथे १३ हा प्रतिष्ठेचा गुण आहे आणि १८ क्वचितच कोणाला देतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. विषयांचे गुण एकमेकांना भरून काढतात, म्हणजे एकात ८ आणि दुसऱ्यात १३ असले तरी सहामाहीची सरासरी १० च्या वर गेल्यास ३० क्रेडिट मिळतात. पण काही अभ्यासक्रमांत प्रत्येक विषयाला किमान गुणांची अट असते. हे सगळं परीक्षापद्धतीच्या पत्रकात लिहिलेलं असतं, आणि शिकवणं सुरू झाल्यापासून महिन्याभरात ते जाहीर करणं विद्यापीठावर बंधनकारक आहे. ते शोधून वाचा. कुठल्या विषयाला लेखी, कुठल्याला तोंडी, कशाचं वजन किती, हे त्यातच असतं.

कला, इतिहास, कायदा अशा विषयांत खरी अडचण लेखनाची आहे, आणि मला वाटतं जाण्याआधीची सर्वांत जास्त मेहनत इथे करावी. आपल्याला सवय असते ती मुद्दे मांडण्याची: ठळक शीर्षक, खाली रेघ, सात मुद्दे, पुरवणी जोडून पानं वाढवायची. फ्रेंच ‘दिसेर्तासिओं’मध्ये असा पेपर ७-८ गुणांवर थांबतो, माहिती सगळी बरोबर असली तरीही. तिथे गुण मिळतात ते मांडणीला. प्रस्तावनेत विषयाला भिडणारं एखादं वाक्य, मग संज्ञांचा अर्थ, मग ‘प्रोब्लेमातिक’, म्हणजे विषयातून निघणारा एक खरा प्रश्न, आणि शेवटी पुढच्या भागांची घोषणा. इतिहास-साहित्यात बहुधा तीन भाग. कायद्यात दोन भाग आणि प्रत्येकात दोन पोटभाग. कायद्याच्या उत्तरात भागांची शीर्षकं लिहायची असतात, साहित्याच्या उत्तरात ती लिहायची नाहीत, परिच्छेदांतूनच रचना कळली पाहिजे. दोन भागांमध्ये जोडवाक्य हवंच, नाहीतर रचना तुटली म्हणून गुण जातात.

चार तासांच्या पेपरात पहिला तास ते सव्वा तास कच्च्या कागदावर जातो, आणि तो जायलाच हवा. प्रश्न ठरवायचा, आराखडा करायचा, प्रस्तावना आणि समारोप पूर्ण लिहून काढायचे, मगच उत्तरपत्रिका हातात घ्यायची. शेजारी मुलं तासभर नुसती विचार करत बसलेली पाहून घाबरून आपण लिहायला सुटतो, आणि दुसऱ्या तासाला कळतं की तिसऱ्या भागात लिहायला काही उरलेलंच नाही. सराव घरीच करता येतो. विद्यापीठांच्या जुन्या प्रश्नपत्रिका पुष्कळदा नेटवर असतात. आठवड्याला एक विषय घ्या, पूर्ण उत्तर न लिहिता फक्त प्रश्न आणि आराखडा तासाभरात लिहा.

विज्ञान शाखेत हे ओझं कमी. तिथे तेदेतली उदाहरणं हातात बसली की बरंचसं निभावतं. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातून निघणाऱ्यांना पॅरिसचा अट्टहास धरू नका असंच सुचवावंसं वाटतं. ब्रेस्टजवळ प्लुझानेला समुद्रविज्ञानाची मोठी संस्था आहे, रेनला कृषिशिक्षण आहे, उष्ण कटिबंधातल्या पिकांचं संशोधन मोंपेलिएला चालतं. आंबा-काजू, कोळंबी, खाडी हे तिथे अभ्यासाचे विषय आहेत, आणि या शहरांत राहणंही पॅरिसपेक्षा स्वस्त.

सामानाबद्दल थोडकं. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खरवस घरीच. बहुतेक ताजी फळं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे हापूसची पेटी विमानतळावरच जाते. सुकी मासळी मात्र स्वतःपुरती चालते, २० किलोच्या मर्यादेत. सुकट आणि बोंबील दोन-तीन पिशव्यांत हवाबंद करून न्या. सुकं खोबरं तेलकट आणि ज्वालाग्राही म्हणून विमानाच्या सामानात अडवतात. आमसुलं, तिरफळं, कुळथाचं पीठ बिनघोर न्या. दात आणि चष्मा इथेच तपासून घ्या, तिथे त्यांचा खर्चही जास्त आणि वेळही लवकर मिळत नाही.

परतीचं तिकीट काढताना एक बघा. दुसऱ्या सहामाहीच्या परीक्षा एप्रिल-मेमध्ये होतात, आणि नापास विषयांची फेरपरीक्षा, रात्रापाज, बहुतेक ठिकाणी जूनमध्ये. निकाल आणि फेरपरीक्षा यांच्यात कधी आठ-दहा दिवसच असतात. स्वस्त मिळतं म्हणून जानेवारीतच मे महिन्याचं तिकीट काढलं आणि एका विषयात ९ येऊन सरासरीही १० च्या खाली गेली, तर तिकीट तरी जातं किंवा वर्ष. रात्रापाजच्या तारखा विद्यापीठाच्या कॅलेंडरवर सप्टेंबरमध्येच असतात. तिकीट त्यांच्यानंतरचं काढा.